खालचा गिझर, वरचा ड्रम

१८ नोव्हेंबर, मंगळवार

खालच्या न्हाणीतला गिझर गळतोय. आधी वाटलं आईनं तांब्या सांडला. मग दिसलं, टाकीच्या बुडातून थेंब पडतोय. पाणी तांबूस. आई म्हणते, आठवडा झाला. "मग सांगितलं का नाही?" "थेंबाचं काय सांगायचं? मी पाट जरा सरकवून बसते."

सत्तावीस वर्षांचा गिझर. दादांनी, माझ्या वडिलांनी, स्वतः बसवलेला. आमच्या हडकोत बोअरचं पाणी इतकं जड की गिझर चार-पाच वर्षांत भंगारात जातो. आमचा टिकला. गल्लीतले विचारायचे, दादा मिशीवर हात फिरवत म्हणायचे, "बसवणाऱ्याचा हात असतो." जरा फुशारकी होतीच. पण वाळूजच्या कंपनीत तीस वर्षं फिटर होते, तेवढी शोभायची.

वैशाली उद्या पिशोरला जातेय. तिच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, दहा-बारा दिवस तरी. बॅग भरताना म्हणाली, "मी येईपर्यंत गिझरला हात लावू नका." जेवताना पुन्हा तेच. एकवीस वर्षं कंपनीचं स्टोअर सांभाळतोय, एक वायसर इकडचा तिकडं झाला नाही, आणि घरातला गिझर बदलायला बायकोची परवानगी. तोंडावर काही बोललो नाही. इथं लिहितोय.

२० नोव्हेंबर

स्विचला हात लावला तर झिणझिण्या आल्या. आता थांबण्यात अर्थ नाही. वै. ला फोन केला नाही. तिकडं ऑपरेशन, उगाच डोक्याला ताप. (खरं कारण: तिनं नको म्हटलं असतं.)

संध्याकाळी जब्बारभाई आले. शहागंजला दुकान, वय साठीच्या पुढं. कंपनीतल्या तिघांनी एकच नाव सांगितलं होतं. आल्याआल्या पान्हा काढला नाही, की बटण दाबलं नाही. आधी बोटाच्या पेरानं टाकीवर टकटक केलं, कान लावला, वर-खाली चार ठिकाणी. डॉक्टर छाती तपासतो तसं. मग म्हणाले, "टाकी गई. पर आदमी अच्छा था."

मी म्हटलं, काळजीनं वापरला ना. आमच्याकडं नियमच आहे, गिझर चालू असताना गार नळ सोडायचा नाही, टाकी तडकते. दादांनी घालून दिलेला नियम. आई अजून पाळते. गिझरचं पाणी बेताचंच गरम येतं, तेच थेट बादलीत, वरून थेंब गार घालत नाही.

जब्बारभाई हसायला लागले. "किसने बोला? साब, चालीस साल में एक गीझर नहीं देखा मैं, जो ठंडे नल से तडका."

वाईट वाटलं. दादांनी आयुष्यात यंत्राबद्दल चुकीचं काही सांगितलेलं आठवत नाही. हे एवढंच निघालं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

नवा गिझर बसला. पंचवीस लिटर, पांढरा, पुढं फिरवायची चकती. मला सुट्टी नव्हती, आईनं दार उघडलं.

अकराला जब्बारभाईंचा फोन. गिझरला पाणी बोअरच्या टाकीतून येत नव्हतं म्हणे. जिन्याच्या टपावरच्या निळ्या ड्रममधून एक बारकी लोखंडी लाइन थेट गिझरला. लाइन सडलेली. "क्या करना?"

तो झाडांचा ड्रम. दादांनी कुंड्यांसाठी ठेवलेला. त्यातही बोअरचंच पाणी असणार, दुसरं कशाला कोण घालेल. म्हटलं, काढून टाका ती फालतू लाइन, बोअरच्या टाकीला जोडा, सगळ्यांच्या घरी असते तशी.

घरी येऊन बघितलं. पाइप एका रेषेत, क्लिपा समान अंतरावर, भिंतीवर एक डाग नाही. न्हाणी धुऊन दिलेली. माझ्या स्टोअरमध्ये लावावा असा माणूस. जुना गिझर, जुना पाइप दुकानी घेऊन गेले.

वै. आली की चकित होईल.

२३ नोव्हेंबर, रविवार

नव्या गिझरची पहिली आंघोळ आईची. बाहेर आली, दाराला धरून जरा वेळ उभी राहिली.

"कसं होतं पाणी?"

"चांगलं व्हतं. साबण बदलला का रे?"

"नाही. तोच आहे."

"बरं. फेस येईना म्हणून म्हणलं." मग माळ्याकडं बघून, "जुना पाइप बी नेला का त्यानं?"

नेला, म्हटलं. "बरं केलं," म्हणाली आणि वेणी घालायला बसली.

२७ नोव्हेंबर

दुपारी महापालिकेचा नळ आला, नवव्या दिवशी. मी कंपनीत. शेजारच्या कमलताईंनी मोटर लावून दिली, आमची पिण्याच्या पाण्याची पांढरी टाकी भरून घेतली. त्यांच्या हौदाला चीर गेलीय, म्हणून आईनं त्यांना दोन हंडे गोडं पाणी देऊन टाकलं. माझ्या लहानपणापासून हेच. नळाच्या पाण्यानं आम्ही हात धुतले तर पाठीत धपाटा बसायचा, आणि गल्लीतल्या कुणी मागितलं की हिचा हंडा पुढं. वेरूळजवळच्या मळ्यातली, विहीर आटलेली बघितलेली बाई. पिण्याचं पाणी अंगावर ओतणं हे तिच्या लेखी पापच.

बायकांना हात दाखवून सांगायची, "मला बघा, निस्त्या बोअरच्या पाण्यानं न्हाते. काय व्हतंय?" आणि खरंच, गल्लीत सगळ्यांच्या पायांना भेगा, खाज, केस गळती. आईची कातडी एक्याऐंशीव्या वर्षी लोण्यासारखी. मला कौतुक वाटायचं, अजूनही वाटतं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आई कंगव्याच्या दांडीनं पोटऱ्या खाजवत होती. मी आलो तशी लुगडं खाली ओढलं. "थंडीनं व्हतंय."

३० नोव्हेंबर

तिची चादर धुवायला काढली. रक्ताचे ठिपके. बारीक बारीक, मोहरीएवढे. दोन्ही पाय आणि कोपरापासून खाली कातडी फुटलीय. खोबरेल लावलं. हात माझ्या हातात होता, खरखरीत. चार दिवसांपूर्वी हा हात असा नव्हता. डॉक्टरांनी मलम दिलं, विचारलं, "पाणी बदललं का?" मी ठामपणे म्हटलं, नाही. फक्त गिझर बदलला.

नव्या गिझरच्या आतल्या लेपाचा काही त्रास असेल का? कंपनीत विचारतो.

१ डिसेंबर, सोमवार

वै. आली. पिशवी हातातच, खालच्या न्हाणीत गेली. मी मागं, तोंडभर हसत. तिनं गिझरकडं बघितलंच नाही. वर माळ्याकडं बघत होती.

"ती बारकी लाइन कुठंय?"

"काढली. सडली होती."

पिशवी खाली ठेवली. आईकडं गेली, तिच्या पायावरचं लुगडं सरकवलं, बघितलं, परत झाकलं. आई म्हणाली, "थंडी लई हाय औंदा." वै. म्हणाली, "व्हय आई."

मग गच्चीवर गेली. बऱ्याच वेळानं खाली आली. नवीन गिझरबद्दल एक शब्द नाही. मला राग आला, खरं सांगायचं तर.

४ डिसेंबर

वै. रोज सकाळी मोठ्या पातेल्यात गॅसवर पाणी तापवते, त्यात कडुनिंबाचा पाला, आणि ते आईच्या आंघोळीला नेऊन ठेवते. नवा गिझर शोभेला. म्हटलं, पाला गिझरच्या पाण्यातही टाकता येतो. "उकळावा लागतो," म्हणाली. दोन्ही हातांनी पातेलं धरून पाच पायऱ्या उतरते. मी धरायला गेलो तर नको म्हणाली.

६ डिसेंबर

आईच्या पायांची आग कमी. रात्री खाजवत नाही. कडुनिंब म्हणजे कडुनिंब. कंपनीत तिघांना सांगितलं.

७ डिसेंबर, रविवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

सकाळी जब्बारभाईंचा फोन, "साब, दुकान पे आके जाव. एक चीज दिखानी है." गेलो. दुकानामागं अंगणात मेलेल्या गिझरांची रांग. कापलेले, पोटं उघडी. प्रत्येकात पांढरा थर, बोटभर जाड, चुन्याच्या भट्टीसारखा. काहींतली कॉइल दिसतच नाही, निव्वळ दगड. "हडको, मुकुंदवाडी, सातारा परिसर, सब बोअरवाले," म्हणाले.

शेवटी आमचा. मधोमध कापलेला. आतून तांबूस, गंजलेला, पण पांढरं काही नाही. कॉइल बोटांनी पुसली तर चमकली.

"सत्ताईस साल," जब्बारभाई म्हणाले. "इसने बोअर का पानी चखाच नहीं."

मी म्हटलं, शक्य नाही. झाडांचा ड्रम आहे तो.

"झाडां कू कायका पानी देते तुम?"

 त्यांनी थर्मोस्टॅट दाखवला. काटा पंचेचाळीसवर, आणि स्क्रूवर रंगाचा ठिपका देऊन तो जाम केलेला. कुणी फिरवू नये म्हणून. "गरम कम रखा, के ठंडा मिलाना ना पडे. ठंडा मिलाया तो बोअर का मिलता. अब समझा मैं, वो नियम कायकू."  तो जुना पाइप त्यांनी भंगारात घातलेला नव्हता. बाजूला भिंतीला लावून ठेवला होता. जोडावर सूत गुंडाळून सफेदा भरलेला, सत्तावीस वर्षांत एक जोड सुटलेला नाही. त्यावरून अंगठा फिरवत म्हणाले, "मैं हँसा था उनपे. माफी."

मी स्कूटरवर बसलो आणि चालू करायचं विसरलो.

म्हणजे दादांनी आईला नळाच्या गोड्या पाण्यानं आंघोळ घातली. तिला न कळता. गार नळ सोडू नये म्हणून एवढा मोठा फिटर खोटं बोलला.

त्याच दिवशी, संध्याकाळी

वाटेत एक गोष्ट डोक्यात आली. दादांना जाऊन अकरा वर्षं झाली. मग ड्रम कोण भरत होतं?

वै. गच्चीवर कपडे काढत होती. विचारलं.

"मी," म्हणाली. हातातला टॉवेल घडी करत.

तिनं सांगितलं ते असं. आम्ही तेव्हा नाशिकला होतो. घरात नवीन बोअर पाडला आणि आईचं अंग फुटलं, रक्त येईपर्यंत खाजवायची. डॉक्टर म्हणाले पाणी बदला. आई ऐकेना. "लोक प्यायला हंडा मागत्यात आन मी त्यानं न्हाऊ?" शेवटी आई वेरूळला आठ दिवस गेली होती तेव्हा दादांनी ड्रम चढवला, लाइन टाकली, गिझर बसवला. बाकी कुणाला गोडं पाणी नाही, फक्त खालच्या न्हाणीला, एका बादलीपुरतं. आईला सांगितलं, झाडांसाठी आहे.

शेवटच्या आजारपणात दादांनी वै. ला वर नेऊन कॉक दाखवला. जिना चढवत नव्हता त्यांना, मध्ये दोनदा बसले.

"मला का नाही सांगितलं?"

ती जरा हसली. "दादा म्हणाले, प्रकाशला सांगू नको, त्याच्या पोटात काही राहत नाही. संध्याकाळपर्यंत आईला कळेल."

खरं आहे. 

अकरा वर्षं. नळ येईल त्या दिवशी, येईल त्या वेळी, आधी पांढरी टाकी, मग नळी खांद्यावर टाकून जिन्याच्या टपावर. तापात असताना. भावाच्या लग्नातून अर्ध्यात परत आली होती एकदा, मला वाटलं होतं डोकं दुखतंय. नळ चुकला असता. आणि मी रोज कंपनीतून येऊन विचारायचो, "भरलं का सगळं?" ती म्हणायची, "भरलं."

या आठवड्यात ते पातेलं. कडुनिंब फक्त वरून दाखवायला. खाली गोडं पाणी.

मी तिच्या पाया पडावं असं वाटलं. तिनं टॉवेल हातात दिला आणि म्हणाली, "गिझरला हात लावू नका म्हटलं होतं ना." बास, तेवढंच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

९ डिसेंबर

दोन दिवस झाले, कुणाला सांगितलं नाही. डबा खाताना दोनदा तोंडाशी आलं. इथं लिहिलं म्हणजे सांगितलं असं होत नाही. ही वही आता कपाटात ठेवतो, कुलपात.

१३ डिसेंबर, शनिवार

आईला वेरूळला मावशीकडं सोडलं. दोन-तीन दिवस. गाडीत म्हणाली, "आत्ताच कशाला? संक्रांतीला जाते की." वै. म्हणाली, मावशी आठवण काढत होत्या. मावशी दारात बघून चकितच झाली. मी रुमालानं चष्मा पुसत बसलो, नाहीतर बोलून गेलो असतो.

१४ डिसेंबर, रविवार

जब्बारभाई सकाळी आठला हजर. बोलावलं नुसत्या लाइनसाठी, आणि त्यांनी टपावर चढून ड्रमच काढायला लावला. आत शेवाळ नाही, तळाला गाळ नाही. वै. नं दर पावसाळ्यात धुतलेला, आत उतरून. तिच्याकडं बघून म्हणाले, "बहेन, तुमने बी कमाल किया."

नवी लाइन प्लॅस्टिकची, दादांच्या जुन्याच भोकांतून. नवीन भोक एकसुद्धा पाडलं नाही. "उस्ताद ने ढाल बराबर दियेला है, मैं कायकू बदलू?" उतार दोऱ्यानं मोजला, दादांच्या खुणेवर येऊन थांबला. भिंतीत दादांची पेन्सिलची रेघ अजून होती, मी आजवर बघितली नव्हती.

चकती पंचेचाळीसवर. त्यावर नखाएवढा लाल रंगाचा ठिपका देऊन जाम. मी सांगितलं नव्हतं. त्यांनीच खिशातून डबी काढली.

काम झाल्यावर ड्रममध्ये गोडं पाणी परत ओतलं आणि मी बादली भरून बघितली. साबणाला फेस आला. एवढासा फेस बघून डोळ्यात पाणी यावं, वय झालं बहुतेक.

१६ डिसेंबर

आई आली. जब्बारभाई मुद्दाम आले, "गीझर की चेकिंग". आईसमोर उभं राहून, एकदम गंभीर चेहऱ्यानं, "अम्मा, एक बात ध्यान में रखना. नये गीझर में बी ठंडा नल नक्को खोलना. टाकी तडकती."

मी स्वयंपाकघरात पळालो.

आईचा आवाज आला, "म्हायती हाय बाबा. सत्तावीस वर्सं पाळलं, आता नवं काय सांगतो." मग, "च्या घेऊन जा."

चहा घेतला. जाताना मला दारात म्हणाले, झूठ बोलते समय उनकी आँख में नहीं देखा जाता, साब. तुम्हारे वालिद कैसे बोले होंगे.

२१ डिसेंबर, रविवार

नळ आला, अकराच्या सुमारास. आज ड्रम मी भरला. वै. खाली उभी राहून सांगत होती, नळी कुठून घ्यायची. मोटर चालू केली आणि नळी हातातून सुटली, अंगावर सगळं. थंडीत कुडकुडत पुन्हा चढलो. पाणी टपावर पोचायला दम लागतो, तोवर नळी वर धरून ठेवावी लागते, खांदा भरून येतो. पंधरा-वीस मिनिटं. मी खाली आलो तेव्हा हात वर होत नव्हता. अकरा वर्षं म्हणजे किती वेळा, हिशेब करायला बसलो आणि सोडून दिला.

"पुढच्या वेळी मी करते," म्हणाली.

नाही म्हटलं.

आईच्या पायांवरच्या खपल्या गळतायत. आज कमलताईंना हात दाखवत होती, "निस्तं बोअरचं पाणी गं." मी पेपर तोंडासमोर धरला.

१२ जानेवारी, सोमवार

नळ आला नाही. बारावा दिवस. कुठं तरी मोठी लाइन फुटलीय म्हणतात. पांढऱ्या टाकीत तळाशी आहे, जपून वापरलं तर दोन दिवस. ड्रममध्ये चार बोटं. वै. आणि मी काल संध्याकाळी चर्चा केली, आईची आंघोळ ड्रमच्या पाण्यानं करावी की ते पिण्याला घ्यावं. तिची कातडी आत्ता कुठं बरी झालीय. काही ठरलं नाही.

कमलताई आल्या, भांडं घेऊन, दारातच घुटमळत. आईनं आतून आवाज दिला, "ये की. भर."

१३ जानेवारी

आई उठली आणि म्हणाली, "आज आंगूळ नाय करत. गुडघं धरलंत. पुसून घेते."

वै. नं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, थंडी आहे. कोमट फडक्यानं वै. नं अंग पुसून दिलं.

ड्रमचं पाणी काढून माठात भरलं. तेवढ्यावर आजचा दिवस निघाला, कमलताईंचासुद्धा.

स्वयंपाक करताना वै. हळू आवाजात म्हणाली, "एक सांगू का? नळ लांबला की आईंचे गुडघे धरतात. दरवेळी. मी इतके दिवस म्हणायचे, योगायोग असेल."

१४ जानेवारी, संक्रांत

सुट्टी. तिळगूळ झाला. दुपारी माळ्यावरून जुन्या वह्या काढल्या. लग्नाच्या वर्षापासूनच्या सगळ्या आहेत, माझ्या स्टोअरच्या सवयीनं वर्ष लिहून लावलेल्या. नाशिकहून आलो तिथपासून बघत गेलो. बोटानं ओळी शोधत.

"पाणी तेराव्या दिवशी. आईचे गुडघे."

"नळ नाही. टँकर मागवला. आई आंघोळीला नको म्हणाली, गुडघे."

"पाणी लांबलं. आईला चालवत नाही म्हणे, पण कमलताईंकडं जाऊन आली." हे मीच लिहिलंय आणि मलाच हसू आलं नव्हतं तेव्हा.

एक मे महिन्यातलं. त्रेचाळीस डिग्री, गच्चीवर पाय ठेवता येत नव्हता. "पाणी लांबलं. आईचे गुडघे धरलेत." मे महिन्यात थंडी कुठून आली? लिहिताना मला प्रश्न पडला नाही.

दादा असतानाचं एक. "आईचे गुडघे. दादा म्हणाले, राहू दे, तिला माहीत असतं तिचं."

ही ओळ किती वेळ वाचत बसलो. गुडघ्यांबद्दलच म्हणाले असतील. दादा असं तुटक बोलायचेच.

वै. ला दाखवलं. तिनं वाचलं, वही मिटली, पदरानं पुसून माझ्या हातात दिली.  बाहेर आई कमलताईंच्या सुनेला तिळगूळ देत होती.

१७ जानेवारी, शनिवार

नळ आला, सकाळी साडेनऊला. सतराव्या दिवशी. सगळी गल्ली रस्त्यावर, मोटरींचा आवाज, कुणी कुणाचं ऐकेना. मी नळी उचलली.

आई ओट्यावर येऊन बसली होती, काठी मांडीवर. माझ्या मागून हाक आली, "पर्काश, झाडांचा ड्रम आधी भर रे. सुकून गेली असतील."

गच्चीवर आता दोनच कुंड्या आहेत. एक तुळस आणि एक कोरफड. तुळशीला वै. रोज तांब्याभर घालते. कोरफडीला महिना महिना पाणी लागत नाही, हे आईनंच मला लहानपणी शिकवलं होतं.

मी जिन्यात थांबलो. वळून बघितलं. ती कमलताईंशी बोलत होती, माझ्याकडं लक्ष नव्हतं. विचारावं असं वाटलं. जिभेवर होतं. मग वर गेलो, नळी ड्रममध्ये सोडली आणि कॉक उघडला.

दुपारी तिनं आंघोळ केली. बादलीभर. गार नळ सोडला नाही. गुडघे आज बरे आहेत.